वाचकांचे प्रश्न: छावणीतल्या माणसानंच छावणी चालवायची, मग पगार का नाही?

मागच्या अंकात मी केनियातल्या काकुमा छावणीबद्दल लिहिलं होतं. जी माणसं स्वतः लढाईतून जीव वाचवून तिथं आली तीच आता मदत संस्थांची कामं करायलीत, शाळेत शिकवायलीत, दवाखान्यात उभी राहायलीत, आणि त्यांच्या हातावर जे पडतं ते बघून वाईट वाटतं, असं त्यात म्हणलं होतं. त्यावर मराठवाड्यातून एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि पूर्ण सदर यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापली नाहीत, फक्त गाव.

उदगीरहून एक विद्यार्थी: ताई, मला एक कळालं नाही. निर्वासित म्हणजे सगळं सोडून पळून आलेले लोक, मदत त्यांनाच पाहिजे ना? मग तेच मदत करणारे कसे काय? टीव्हीवर तर कायम बाहेरच्या देशातले डॉक्टर आणि संस्थेचं जॅकेट घातलेली मंडळीच दिसतात.

दिसतात कारण कॅमेरा त्यांच्यापाशी थांबतो रे बाळा. छावणी किती मोठी असते ते आधी डोळ्यासमोर आण. काकुमा १९९२ ला सुरू झाली, सुदानमधून पोरंच्या पोरं चालत आली होती तेव्हा, आज काकुमा आणि शेजारचं कालोबेयेई धरून तिथं तीन लाखांच्या आसपास माणसं राहतात. बांगलादेशात कॉक्स बझारला २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत म्यानमारमधून पळालेले सात लाखांवर रोहिंग्या आले. आता एवढ्या माणसांना पाणी, राशन, संडास, लसी, शाळा हे सगळं बाहेरून आलेली शे-दोनशे माणसं कशी काय पुरवतील? त्यांना तर तिथली भाषासुद्धा येत नसते.

म्हणून नळावर रांग लावणारा, राशनकार्ड तपासणारा, दवाखान्यात आजीचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगणारा दुभाषी, झोपडी-झोपडीत जाऊन लेकराच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावून कुपोषण मोजणारी बाई, बाळंतीण कुठंय आणि कुणाला ताप आलाय याची वही ठेवणारी बाई, पहिलीच्या वर्गात उभा राहिलेला मास्तर, ही सगळी बहुतेक छावणीतलीच माणसं असतात. काकुमातल्या शाळांत शिकवणारे बहुतेक जण स्वतः निर्वासित आहेत आणि एकेका वर्गात शंभराच्या वर पोरं असणं तिथं नवीन नाही. २२ मार्च २०२१ ला कॉक्स बझारच्या छावणीत मोठी आग लागली, हजारो झोपड्या जळाल्या, तेव्हा सगळ्यात आधी धावले ते तिथलेच ट्रेनिंग घेतलेले रोहिंग्या स्वयंसेवक.

आणि अजून एक, कॉक्स बझारला संस्थांच्या लोकांना संध्याकाळ व्हायच्या आत छावणीतून बाहेर पडावं लागतं, तसा नियमच आहे. मग रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुठं भांडण पेटलं, पावसात टेकडी खचली, तर दार वाजतं ते त्या स्वयंसेवकाचं. त्याची ड्युटी संपतच नाही, कारण तो शेजारच्याच झोपडीत राहतो.

अहमदपूर तालुक्यातून एक आशाताई: तुमचा लेख आमच्या ग्रुपवर फिरला. मला वाचून वाटलं की हे तर आमचंच चाललंय. काम सगळं करून घ्यायचं आणि पैशाची वेळ आली की तुम्ही स्वयंसेविका आहात म्हणायचं. त्या लोकांना नेमकं मिळतं किती आणि पूर्ण पगार का देत नाहीत? यात कुणाचा फायदा आहे?

ताई, तुमचा मेसेज आला तेव्हा मला २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर मानधनासाठी बसलेल्या तुमच्या सगळ्या मैत्रिणी आठवल्या. तुलना अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

केनियात छावणीतल्या निर्वासिताला संस्था जे देते त्याला पगार म्हणत नाहीत, प्रोत्साहनपर रक्कम म्हणतात, आणि तो इन्सेंटिव्ह वर्कर. शिक्षक, आरोग्यसेवक, दुभाषी अशा कामांना महिन्याला साधारण पाच ते दहा हजार केनियन शिलिंग, म्हणजे आपले तीन ते सात हजार रुपये धरा. त्याच दवाखान्यात, त्याच पाळीला, शेजारच्या टेबलावर केनियाची नर्स असते, तिला याच्या कैक पटीनं जास्त. बाहेरच्या देशातून आलेल्याची तर गोष्टच वेगळी. जॉर्डनमध्ये झातारी नावाची सिरियन लोकांची छावणी आहे, २०१२ ला सुरू झालेली, तिथं अंगमेहनतीच्या कामाला तासाला साधारण एक दिनार असा हिशोब, आणि साफसफाईसारखी कामं पाळीपाळीनं देतात म्हणजे प्रत्येक घराला थोडेफार पैसे मिळावेत. बांगलादेशातही तसंच, स्वयंसेवक म्हणायचं आणि तासावर किंवा दिवसावर पैसे द्यायचे.

आता का देत नाहीत. पहिलं कारण कायद्याचं आहे आणि ते खरं आहे. केनियात निर्वासिताला कामाचा परवाना मिळणं फार अवघड, छावणीच्या बाहेर जायचं तरी पास लागायचा. बांगलादेशात रोहिंग्यांना नोकरी करायचा हक्कच नाही. परवाना नसलेल्या माणसाला संस्थेनं पगार दिला तर संस्थाच कायदा मोडते, म्हणून मग पगार हा शब्द टाळून पैसे द्यायचे. दुसरं, सगळ्या संस्था बसून एकच दर ठरवतात, नाहीतर जास्त पैसेवाली संस्था दुसऱ्याची शिकवून तयार केलेली माणसं ओढून नेते. तिसरं कारण सांगतात की या माणसाला राशन आणि झोपडी फुकट आहे, त्याला पूर्ण पगार कशाला. आणि चौथं, कमी कमी दिलं तर तेवढ्याच पैशात जास्त घरांना काम देता येतं.

पहिलं आणि चौथं मला समजतं. दुसरं अर्धं समजतं, दर एकसारखा ठेवा पण तो एवढा खाली का? तिसरं मात्र मला अजिबात पटत नाही. राशन हे माणूस उपाशी मरू नये म्हणून असतं, त्यानं दिवसभर वर्गात शंभर पोरं सांभाळली त्याचा मोबदला राशनमध्ये कसा काय धरायचा? आपल्याकडं रेशनच्या दुकानातून गहू-तांदूळ घेणाऱ्या बाईला शेतात खुरपायला नेलं तर मजुरी कापून देतो का आपण? आणि राशन तरी पूर्ण मिळतं कुठं, त्याच्यावर पुढं एका प्रश्नात लिहिलंय.

१९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या १७ व्या कलमात नोकरी करून पोट भरायच्या हक्काचं सांगितलंय आणि २४ व्या कलमात मजुरी, कामाचे तास, रजा या बाबतीत देशातल्या लोकांसारखंच वागवा असं आहे. केनियानं तो करार मान्य केलेला आहे. बांगलादेश, जॉर्डन आणि आपला भारत यांनी सही केलेली नाही. पण कागद एकीकडं आणि छावणी दुसरीकडं.

वेगळं करता येतं का, तर येतं. युगांडानं २००६ च्या कायद्यानं निर्वासितांना काम करायची आणि देशात फिरायची मुभा दिली. म्हणजे तिथं सगळं चांगलंय असं नाही, पैसा कमीच आहे, पण निदान माणसाला काम मागायला लाज वाटत नाही. केनियानंही २०२१ मध्ये नवा कायदा केला, २०२५ मध्ये छावण्यांचं हळूहळू गावात रूपांतर करायची शिरिका नावाची योजना जाहीर केली, आता ते खाली झोपडीपर्यंत कधी पोचतं बघायचं. आणि सगळ्यात मोठं उदाहरण पॅलेस्टाइनचं. तिथल्या निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची युएनआरडब्ल्यूए ही संस्था १९५० पासून कामाला लागली, तिच्याकडं तीसएक हजार कर्मचारी आणि त्यातले बहुतेक सगळे स्वतः पॅलेस्टिनी निर्वासित. मास्तर, डॉक्टर, सफाई कामगार, सगळे पगारावर. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून तिचे तीनशेच्या वर कर्मचारी मारले गेलेत. एकीकडं स्वतःचं घर पडलेलं, लेकरं तंबूत, आणि ही माणसं सकाळी उठून दुसऱ्याच्या लेकराला लस द्यायला जातात. अशा माणसाला कर्मचारी म्हणून नाव, पद, पगार असला की निदान तो गेल्यावर त्याच्या घरच्यांना काहीतरी मागता तरी येतं. स्वयंसेवक गेला तर काय मागणार?

फायदा कुणाचा विचारलंत ना, तर फायदा देणगी देणाऱ्या देशांचा, त्यांचं काम स्वस्तात होतं. संस्थेतल्या कितीतरी चांगल्या माणसांनाही हे सलतं, ते भांडतातही, पण बजेट वरून येतं.

अजून एक राहिलंच. यात शिक्षणाची माती होते. सिरियातून आलेल्या डॉक्टरला जॉर्डनमध्ये डॉक्टर म्हणून काम मिळणं महाकठीण, मग वीस वर्षं पेशंट तपासलेला माणूस छावणीत आरोग्य स्वयंसेवक म्हणून हात कसे धुवायचे ते सांगत फिरतो. तेही काम गरजेचंच आहे, पण त्याच छावणीत डॉक्टर कमी पडतात, आणि हा डॉक्टर तिथंच बसलेला असतो.

केजहून एक निवृत्त ग्रामसेवक: बाई, तुमचा कळवळा समजला. पण मी आयुष्य याद्या करण्यात घालवलंय म्हणून विचारतो. दुष्काळात चारा छावणी असो की अनुदानाची यादी असो, गावातल्याच माणसाच्या हातात दिली की आधी भावकीची नावं येतात. निर्वासितांच्या हातात राशन दिल्यावर ते आपल्या जातीच्या, आपल्या टोळीच्या माणसाला आधी देणार नाहीत का?

साहेब, देतात, काही ठिकाणी देतात. हे लपवण्यात अर्थ नाही. कॉक्स बझारला छावणीतल्या भागाभागावर एकेक माणूस नेमलेला होता, त्याला तिथं 'माझी' म्हणतात, म्हणजे एक प्रकारचे मुकादमच, आणि त्यांच्यातल्या काहींनी यादीत नाव घालायला पैसे मागितल्याच्या तक्रारी झाल्या. याहून वाईटही झालंय. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनच्या छावण्यांमधून अहवाल आला की राशनच्या बदल्यात पोरींचं शोषण व्हायलंय आणि करणाऱ्यांत मदत संस्थांचीच माणसं होती, त्यात स्थानिक पातळीवर नेमलेलेही होते. सगळं जग हादरलं, २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी त्यासाठी स्वतंत्र नियम काढला की मदतीच्या बदल्यात असलं काहीही मागणं म्हणजे नोकरी गेली.

पण यावरून छावणीतल्या माणसाला काम देऊ नका असं निघत नाही. तुम्ही इतकी वर्षं याद्या केल्या, तुम्हाला माहितीय की यादी चव्हाट्यावर लावली, ग्रामसभेत वाचली की निम्मी चोरी तिथंच थांबते. तिथंही तेच करतात. वाटपाच्या ठिकाणी कुणाला किती मिळणार याचा बोर्ड, तोही चित्रात, कारण वाचता न येणारे बरेच. तक्रारीला वेगळा टेबल, तिथं वाटप करणाऱ्यांपैकी कुणी बसायचं नाही. समितीत वेगवेगळ्या टोळ्यांची आणि निम्म्या बाया. बायकांच्या रांगेला बाईच. जिथं हे नीट झालं तिथं फरक पडला.

आणि मला तुम्हालाच उलट विचारायचंय, ज्या माणसाच्या हातात हजारो माणसांचं राशन दिलं त्याला महिन्याला चार-पाच हजार रुपये देऊन आपण त्याच्याकडून शंभर टक्के इमानदारीची अपेक्षा करायची, हे कुठल्या खात्यात चाललं असतं? बहुसंख्य माणसं त्या पैशातही इमानदारीनंच काम करतात, त्याचं मला जास्त नवल वाटतं. वर दोन्हीकडून बोलणी खायची. छावणीतले म्हणतात हा संस्थेचा माणूस, संस्थेतले म्हणतात हा छावणीतला, याच्यासमोर जपून बोला. दुभाष्याचं तर फारच अवघड असतं, एखाद्या बाईची तक्रार त्यानं भाषांतर करून सांगितली आणि ती तक्रार त्याच्याच शेजाऱ्याविरुद्ध असली तर रात्री त्याला त्याच गल्लीत झोपायचंय.

लोहारा तालुक्यातून एक ताई: माझी आई १९९३ च्या भूकंपानंतर गावात संवाद सहायक होती. तिला जेमतेम पैसे मिळायचे पण ती सांगते की आयुष्यात पहिल्यांदा ती तेव्हा तहसीलच्या ऑफिसात खुर्चीवर बसली. तुमच्या लेखातले लोक आणि माझी आई यांच्यात फरक काय? आम्हीपण तेव्हा पत्र्याच्या शेडमध्येच राहत होतो.

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, हे पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं.

कायद्याच्या भाषेत फरक एवढाच की देशाची हद्द ओलांडून आला तो निर्वासित, आणि आपल्याच देशात घर गमावलं तो अंतर्गत विस्थापित. २०२४ च्या शेवटी जगभरात १२ कोटी ३२ लाख माणसं मारामारी आणि छळामुळं घराबाहेर होती, त्यातली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात. भूकंप-पुराचे यात धरलेलेच नाहीत. अंतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यात नैसर्गिक आपत्तीत घर गेलेलेही येतात. म्हणजे सास्तूर, किल्लारी, सगळीच माणसं त्यात बसतात.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बुडवून लोक झोपलेले, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली, आणि त्याच्या बाहेरच्या शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची असं ठरलं. ही दुरुस्ती घरमालकानं स्वतः करून घ्यायची, पैसे हप्त्यानं. पण हप्ता कधी येतो, सिमेंट किती लागतं, कोपऱ्यात सळई कशी घालायची, इंजिनिअर आला तर त्याला काय विचारायचं, हे गावात कोण सांगणार? तिथं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून महिला मंडळातल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं आणि सरकारनंही त्यांना मान्यता दिली. ज्या बाईचं स्वतःचं घर पडलंय, घरातलं माणूस गेलंय, तीच दुसऱ्याच्या घराचं माप घ्यायला उभी.

मी तेव्हा लातूरला एका मदत केंद्रात होते. मी दोन्ही प्रकारची गावं पाहिलीत, आणि माझं मत अजूनही तेच आहे. जिथं ठेकेदारानं ओळीत घरं बांधून किल्ल्या हातात दिल्या तिथं लोकं कितीतरी वर्षं म्हणत राहिली की हे आमचं गावच वाटत नाही, रस्तेच रस्ते, भावकी एकीकडं आणि शेत दुसरीकडं. जिथं बायांनी उभं राहून दुरुस्ती करून घेतली तिथं घर साधं असेल पण त्यात कुठं काय घातलंय हे त्या घरातल्या बाईला तोंडपाठ. आणि पुढं २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बाया कच्छला गेल्या, तिथल्या बायांना सांगायला की तंबूत बसून राहू नका, यादीत तुमचं नाव आहे का बघा, घर कसं बांधतेत ते स्वतः बघा. सरकारी साहेबानं सांगितलेलं आणि भूकंपात घर गेलेल्या बाईनं सांगितलेलं यात फरक पडणारच ना.

तर ताई, माझ्या मते फरक काहीच नाही. फक्त तुमच्या आईकडं मतदान कार्ड होतं, ती उद्या सरपंच होऊ शकत होती, आणि काकुमातल्या बाईला ते दार बंद आहे. हा मात्र फार मोठा फरक आहे.

कंधारहून एक आजोबा: रझाकाराच्या काळात आमचं घर उमरखेडकडं गेलं होतं, मी तेव्हा लहान. तिथं आमच्याच गावच्या लोकांनी स्वयंपाक आणि राखणदारी सांभाळल्याचं वडील सांगायचे. आपल्या देशात याची मोठी उदाहरणं आहेत का?

आजोबा, हे सगळं नातवाकडून लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. १९४७-४८ ला निजामाच्या हद्दीतून उमरखेड, बार्शी, सोलापूर अशी सरहद्दीपलीकडं गेलेली घरं आणि तिथले कॅम्प याबद्दल आंदोलनाच्या बाजूनं खूप लिहून झालंय, पण भाकरी कुणी थापल्या ते फार कमी लिहिलंय.

दोन उदाहरणं देते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू-डेरा इस्माईल खानकडून आलेल्या लोकांसाठी दिल्लीजवळ फरीदाबाद वसवायचं ठरलं. त्या लोकांनी ठेकेदाराला आणू नका, आमचं गाव आम्हीच बांधतो असा आग्रह धरला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन त्यांच्या मागं उभी राहिली, नेहरूंनी जातीनं लक्ष घातलं, आणि फुकटच्या राशनऐवजी कामाची मजुरी घेऊन त्या माणसांनी रस्ते, घरं उभी केली. दुसरं तमिळनाडूतलं. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी १९८४ मध्ये स्वतःचीच संस्था काढली, ऑफर नावाची, एस. सी. चंद्रहासन यांच्या पुढाकारानं. शंभराच्या वर छावण्यांत बालवाडी, शिकवणी, आरोग्य असली कामं तिथल्याच मुलामुलींनी केली. बाहेरच्या संस्थेत हाताखाली काम करणं वेगळं आणि संस्थाच आपली असणं वेगळं, मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

पाटोद्याहून एक वाचक: आमचे ऊसतोड कामगारबी सहा महिने पालावर राहतेत, त्यांना विस्थापित म्हणायचं का? त्यांच्यातल्याच कुणाला काम देतेत का?

कायद्यात नाही बसत भाऊ, ते हंगामी स्थलांतर धरतात. पण पोटासाठी घर सोडावं लागणं ते सोडावं लागणंच. कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालल्या तेव्हा जिथं त्यांच्याच तांड्या-वस्तीतली शिकलेली पोरगी शिकवायला होती तिथं लेकरं जास्त टिकली असं मला तिथल्या कार्यकर्त्यांनी सांगितलंय. या विषयावर वेगळं सदर करायचंय, तुमच्याकडचे अनुभव पाठवा.

जालन्याहून एक दुकानदार: अमेरिकेनं पैसे बंद केले म्हणे, मग आता या छावण्यांचं काय झालं?

वाईट झालं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, १ जुलैला त्यांची युएसएड ही संस्थाच बंद केली, आणि इतर श्रीमंत देशांनीही हात आखडता घेतला. संस्थांनी माणसं कमी केली. जगभर बातम्या आल्या त्या जिनिव्हातल्या आणि वॉशिंग्टनमधल्या नोकऱ्या गेल्याच्या, आणि त्या माणसांचंही नुकसान झालंच, पण छावणीतल्या स्वयंसेवकाला तर ना नोटीस ना भरपाई, प्रोजेक्ट संपला उद्यापासून येऊ नका एवढंच. त्याच वेळी राशनही कापलं. केनियात २०२५ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचं राशन पूर्ण मापाच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं. कॉक्स बझारला २०२३ मध्येच माणशी महिन्याला १२ डॉलरचं राशन आधी १० वर आणि मग ८ वर आणलं होतं, नंतर पुन्हा वाढवलं, आणि २०२५ मध्ये परत कापायची टांगती तलवार. म्हणजे राशन मिळतं म्हणून पगार कमी देतो म्हणणाऱ्यांनी राशनही कापलं आणि पगारही.

पण शेटजी, यातून एक दिसलं. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लढाई चालूय, बाहेरच्या संस्था बऱ्याच भागात पोचूच शकल्या नाहीत, तेव्हा गल्लीगल्लीतल्या पोरापोरींनी मदत कक्ष काढले, मोठ्या भगुण्यात शिजवून हजारो माणसांना जेवू घातलं, दवाखाने चालवले. त्यातले कितीतरी स्वतःच घर सोडून आलेले. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या संस्था आणि देशांनी शब्द दिला होता की मदतीचा चौथा हिस्सा पैसा स्थानिक संस्थांपर्यंत जाईल, तो अजून त्याच्या आसपासही पोचलेला नाही. पैसा कमी झालाय ना, मग आता तरी तो मधल्या दहा हातातून न फिरवता या माणसांना द्या, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

नांदेडहून एमएसडब्ल्यू करणारी एक मुलगी: मॅडम, मला छावण्यांमध्ये काम करायचंय. काय तयारी करू? आणि तुमचा लेख वाचून भीती वाटायली की मी गेले तर तिथल्याच कुणाची जागा तर अडवणार नाही ना?

ही भीती वाटली म्हणूनच तू जावंस असं मला वाटतं. पण आधी इथं काम कर. तुळजापूरला टाटा समाज विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथल्या लोकांना भेट, दुष्काळात टँकरचं वाटप कसं चालतं ते दोन-चार गावांत उभं राहून बघ, कुणाच्या दारात पाइप आधी जातो ते बघ. तिथल्या छावणीतही प्रश्न तोच आहे. स्फिअर नावाचे जगभरात वापरले जाणारे निकष आहेत, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागं एक संडास, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, हे तोंडपाठ कर आणि आपल्याच एखाद्या वस्तीत मोजून बघ. इंग्रजी लागेलच, जमलं तर अरबी किंवा फ्रेंच यातली एक भाषा शिकायला घे. हिशोब आणि एक्सेल पक्कं कर, ते येणारी माणसं तिथं कायम कमी पडतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम आहे, युएनव्ही, त्यात भारतातूनही अर्ज करता येतो, पण कामाचा अनुभव बघतात.

जागा अडवायचं म्हणशील तर मुलाखतीतच विचार की या पदावर छावणीतलं कुणी का नाही, हाताखाली किती निर्वासित काम करतात, त्यांना किती देता, आजारी पडले तर काय, ओळखपत्र आणि अनुभवाचं सर्टिफिकेट देता का. सर्टिफिकेटचं तर धरूनच बस, कारण उद्या ती माणसं दुसऱ्या देशात गेली किंवा आपल्या गावी परत गेली तर आठ-दहा वर्षं केलेल्या कामाचा त्यांच्याकडं एक कागद नसतो. अहवाल लिहिशील तेव्हा माहिती गोळा करणाऱ्याचं नाव त्याला विचारून घाल, धोका असेल तर नको घालू. आणि रुजू झाल्यापासून एखाद्या तिथल्याच पोरीला तुझं काम शिकवायला लाग, म्हणजे तुझा करार संपेल तेव्हा संस्थेला दुसरं कुणी विमानानं आणावं लागणार नाही. पासपोर्ट अजून काढला नसशील तर या महिन्यातच अर्ज टाक, आणि युएनव्हीच्या साइटवर नाव नोंदवून ठेव.